उन्हाळ्यातील कीटक : ओळख व छायाचित्रे

गुढीपाडव्यापासून मृग लागेपर्यंतचे दोन-अडीच महिने आमच्या कोल्हापूर भागात शेतीच्या दृष्टीने आळसाचे समजण्याची चाल आहे. उसाला पाण्याची पाळी दिली, नांगरटीची ढेकळे उन्हात तापत टाकली, शेणखत रानात ओढले, की पुढचे दिवस जोतिबाची चैत्री यात्रा, लग्नसराई आणि आंबे यांत वळवाची वाट पाहात जातात. कीटकांच्या राज्यात मात्र याच वेळी मोठी धामधूम चाललेली असते. ज्या भुंगेऱ्याच्या अळ्या पुढे श्रावण-भाद्रपदात उसाची मुळे कुरतडणार, तो भुंगेरा आता जमिनीत पूर्ण वाढून पहिल्या पावसाची वाट पाहात असतो. ज्या पाखराची अळी कोवळ्या उसाचा पोंगा वाळविते, ते पाखरू रात्री पानावर अंडी घालीत असते. अशा किडींवर उपजीविका करणारे त्यांचे वैरीही त्याच बांधावर हिंडत असतात. पावसाळ्यात गवत माजले म्हणजे ही सर्व मंडळी दृष्टीआड होतात. उन्हाळ्यात रान उघडे असते, म्हणून पाहणाऱ्यास ती सापडतात.

गेली काही वर्षे आम्ही उन्हाळ्यातील सवड हे कीटक पाहण्यात व त्यांची छायाचित्रे काढण्यात घालवीत आहो. साधन म्हणाल तर हल्ली प्रत्येकाच्या खिशात असणारा मोबाइल फोन व त्यावर चिमट्याने बसविण्याचे एक लहानसे भिंग, एवढेच. पहिल्या वर्षी आम्ही बांधावर पालथे पडून एका मुंगळ्याकडे फोन रोखून बसलो असता शेजारचे एक वयोवृद्ध गृहस्थ वाटेत थांबले व म्हणाले, "काय मालक, किड्याचं लगीन ठरवायचं हाय काय, फोटो काढतायसा त्ये?" या विनोदास आम्हीही हसलो. परंतु किडा न ओळखल्याने काय नुकसान होते याचा एक अनुभव आमच्या पदरी आधीच होता, तो त्यांस सांगितला, आणि येथेही सांगतो.

तो प्रसंग उन्हाळ्यातील नव्हे. पण आमच्या या नादाचे मूळ त्यात आहे. २००२ साली महाराष्ट्रात उसावर लोकरी मावा आला. प्रथम सांगली जिल्ह्यात तो दिसला व तेथून पाहता पाहता आमच्या भागात पसरला. पानाच्या खालच्या अंगास पिंजलेल्या कापसासारखा पांढरा थर, खालच्या पानांवर चिकट पाणी, आणि त्या चिकट पाण्यावर वाढलेली काजळीसारखी काळी बुरशी, असे त्याचे स्वरूप होते. पूर्वी हा मावा ईशान्य भारतात माहीत होता; आमच्याकडील जुन्या माणसांनी तो कधी पाहिला नव्हता. त्या कापसात जाळे विणून राहणाऱ्या काही अळ्या आम्हांस दिसल्या. रोगाच्या घरात राहणारा तो रोगाचाच भाऊबंद, असा हिशेब करून आम्ही ती पाने अळ्यांसकट तोडून जाळली, आणि मोठे काम केले असे वाटून घरी आलो. पुढे एका कृषी अधिकाऱ्याने दाखविलेल्या छायाचित्रात तीच अळी आम्ही ओळखली. तिचे नाव डायफा अफिडिव्होरा. ती ऊस खात नाही, मावा खाते. तिच्याच जोडीला मायक्रोमस नावाचा एक जाळीदार पंखांचा कीटकही माव्यावर तुटून पडतो. लोकरी माव्याचा जोर पुढे ओसरला, त्यात या दोघांचा वाटा फार मोठा होता. किंबहुना ज्या फडांत हे मित्र होते तेथून पाने काढून ती दुसऱ्या फडांत नेऊन बांधण्याचे काम त्या काळी कृषी खात्याने व साखर कारखान्यांनी हाती घेतले होते. म्हणजे इतर लोक जी अळी मागून नेत होते ती आम्ही काडी लावून जाळली होती. त्या वेळी आमच्या खिशात एखादे चित्र असते, तर हे झाले नसते.

कॅमेरा ही वस्तू कोल्हापुरास परकी नव्हे. बाबूराव पेंटर यांनी १९१७ साली येथे महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली व कोल्हापुरातच तयार केलेल्या कॅमेऱ्याने चित्रपट घेतले. त्यांच्या १९२५ सालच्या 'सावकारी पाश' या चित्रपटात तर कर्जात बुडालेला शेतकरीच पडद्यावर आला. ज्या नगरात कॅमेऱ्याने शेतकऱ्याचा सावकार जगास दाखविला, तेथील शेतकऱ्याने त्याच यंत्राने आपल्या पिकाचा चोर ओळखावयास काही हरकत नसावी.

आता काम कसे करावे ते सांगतो. उन्हाळ्यात कीटकांचे छायाचित्र घेण्याची वेळ म्हणजे तांबडे फुटल्यापासून ऊन चढेपर्यंतची. कीटकाच्या शरीरात आपल्यासारखी स्वतःची ऊब नसते. बाहेरची हवा तापली म्हणजे तो तापतो. म्हणून पहाटेच्या गारव्यात चतुर काटकीवर निमूट बसलेला असतो, फुलपाखरू पंख मिटून पानाखाली लोंबत असते, आणि फोन चार बोटांवर नेला तरी ती उडत नाहीत. तेच दहा वाजता तुम्ही रांगत गेलात तरी वीस हातांवरून पसार होतात. आपली सावली कीटकावर पडू देऊ नये. उभे राहून वरून चित्र घेऊ नये. गुडघे टेकून त्याच्या पातळीवर उतरावे. डोळा स्पष्ट आला तर चित्र साधले, डोळा धूसर तर बाकी सर्व फुकट. आमची पहिल्या उन्हाळ्यातील बहुतेक चित्रे अशी फुकट गेली. त्यांत हिरवा धूर तेवढा दिसतो, आणि त्या धुरात कोठेतरी एक कीटक आहे हे आमच्या सांगण्यावर विश्वास ठेवूनच पाहणाऱ्यास मान्य करावे लागते.

सुंदर चित्र व उपयोगी चित्र यांत फरक आहे, हे आम्हांस उशिरा कळले. ओळख पटण्यासाठी एकाच कीटकाची तीन चित्रे लागतात : एक पाठीवरून, एक बाजूने, एक तोंडाकडून. चौथे चित्र ज्या झाडावर तो बसला त्या झाडाच्या पानाचे किंवा फुलाचे घ्यावे. आकार कळावा म्हणून शेजारी एखादे नाणे ठेवावे, अगर आपल्या बोटाचे पेर चित्रात येऊ द्यावे. आणि त्याच दिवशी वहीत तारीख, वेळ, गाव, पीक, आणि पाऊस झाला असल्यास केव्हा झाला, हे लिहून ठेवावे. आमच्या मते चित्रापेक्षाही ही वही अधिक मोलाची आहे. फोन हरवतो, बिघडतो, मुले त्यातील चित्रे पुसून टाकतात; वही राहते.

दिवसा दिसणाऱ्या कीटकांत शेतकऱ्याने प्रथम ढालकिड्याची अळी पाहावी. तांबड्या पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा लहान मुलांसही ठाऊक असतो व त्यास कोणी मारीत नाही. पण त्याची अळी मावा लागलेल्या चवळीवर अगर मक्यावर दिसली, की हात आपोआप औषधाच्या पंपाकडे जातो. ती काळी, खरबरीत, नारिंगी ठिपक्यांची व मोठ्या भिंगातून पाहिल्यास थेट सुसरीच्या पिलासारखी दिसते. तिच्या रूपावर जाऊ नये. आई जे खाते तेच ती खाते, आणि भूक तिला आईपेक्षा कमी नसते. पानावर टाचण्या खोचल्याप्रमाणे बारीक दोऱ्याच्या टोकाला एकेक पांढरे अंडे उभे दिसले, तर ते क्रायसोपाचे समजावे. त्याची अळीही मावा खाणारीच. खंडोबाचा किडा आपले दोन्ही हात जोडून बसलेला सर्वांनी पाहिलाच असेल. त्याचे छायाचित्र घेणे फार सोपे, कारण तो पळत नाही, उलट मान वळवून फोनकडेच पाहात राहतो.

मधमाश्यांसाठी फुलोराच पाहिजे असे नाही. भर चैत्र-वैशाखात ठिबकच्या गळक्या तोटीवर किंवा पाटाच्या ओल्या कडेवर पाहावे. पोळे थंड राखण्यासाठी माश्या पाणी वाहून नेतात. सातेरी व फुलोरी या लहान माश्या तेथे ओळीने बसून पाणी पिताना सहज टिपता येतात. हे दृश्य ज्याने एकदा जवळून पाहिले तो भर दुपारी फवारणी करणार नाही, निदान संध्याकाळपर्यंत थांबेल, असा आमचा अनुभव आहे. आग्या मोहोळाची गोष्ट निराळी. पन्हाळ्याच्या कड्यावर काय किंवा गावच्या पाण्याच्या टाकीखाली काय, आग्याचे पोळे दिसले तर छायाचित्राच्या लोभाने जवळ जाऊ नये. आग्या माशी थव्याने पाठलाग करते, आणि तिच्यापुढे माणसाचे पळणे फारसे उपयोगी पडत नाही.

कागदी लिंबाच्या झाडावर याच दिवसांत पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखी पांढरी-करडी अळी दिसते. तिला डिवचले तर डोक्यामागून नारिंगी रंगाचे दुबेळके शिंग बाहेर काढते व उग्र वास सोडते. मोठी झाल्यावर तिचा रंग बदलून ती पानासारखी हिरवी होते. ही लिंबावरील फुलपाखराची अळी. महाराष्ट्राने २०१५ साली ज्या निळ्या-काळ्या मोठ्या फुलपाखरास, म्हणजे राणी पाकोळीस, राज्य फुलपाखराचा मान दिला, तेही याच कुळातील व त्याच्याही अळ्या लिंबाच्या वर्गातील झाडांवर वाढतात. झाड नवे, हातभर उंचीचे असेल तर अळ्या वेचाव्या, कारण चार अळ्या ते बोडके करितात. झाड मोठे असेल तर चार पाने गेल्याचे दुःख करू नये. एक अळी पानांसह काचेच्या बरणीत ठेवून, वर फडके बांधून, रोज ताजी पाने द्यावी व रोज एक चित्र घ्यावे. कारवारच्या बाजूस वनखात्यात नोकरीस असलेले टी. आर. बेल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी अशाच शेकडो जातींच्या अळ्या घरी वाढवून कोणती अळी कोणत्या फुलपाखराची हे लिहून ठेविले. त्यांच्याजवळ आपल्यासारखा फोन नव्हता. अळी व पाखरू ही एकाच जिवाची दोन रूपे आहेत हे पुस्तकात वाचणे वेगळे, आणि बरणीत आपल्या घरच्या पोरांनी पाहणे वेगळे.

रात्रीचे काम याहून सोपे आहे, आणि शेतीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे. रानात दोन वेळू रोवून त्यांवर पांढरे धोतर किंवा चादर ताणावी व समोर एक दिवा लावावा. अंधाऱ्या पक्षातील, वारा पडलेली, उकाड्याची रात्र सर्वांत चांगली. चांदणे असले म्हणजे कीटक दिव्यावर कमी येतात. दिवेलागणीपासून दहापर्यंत बसले तर जागच्या जागी शंभर चित्रे मिळतात, कारण कीटक कापडावर येऊन स्वस्थ बसतात. वळवाचा पाऊस पडून गेलेला असेल तर प्रथम वाळवीचे पंख फुटलेले थवे येतात, व थोड्याच वेळात पंख गाळून खाली सरपटू लागतात. मग तुडतुडे येतात, नाना रंगांचे पतंग येतात, पाण्यातील भुंगेही विहीर सोडून येतात. यांत एखादे वाळल्या गवताच्या रंगाचे, तोंडापुढे चोचीसारखे टोक असलेले लहान पाखरू दिसेल, तर त्याचे चित्र सावकाश व नीट घ्यावे. सुरू उसातील अगर खोडव्यातील पोंगा वाळून ओढताच हातात येतो व त्यास घाण वास येतो, त्या खोडकिडीचे हे पाखरू असण्याचा संभव मोठा. आपल्या रानात ते कोणत्या तारखेपासून येऊ लागले हे वहीत असेल, तर ट्रायकोकार्ड केव्हा लावावयाचे हे दुसऱ्यास विचारावे लागत नाही. काम झाल्यावर दिवा मालवावा. रात्रभर दिवा जळत ठेवून खाली पाण्याची पाटी ठेवण्याची पद्धत काही जण पाळतात. तीत शत्रूबरोबर मित्रही तितकेच मरतात, म्हणून ती आम्हांस पसंत नाही.

आता हुमणी. हा लेख लिहिण्याचे खरे कारण तीच आहे.

हुमणीची अळी कोणा ऊसकऱ्यास दाखविण्याची गरज नाही. पांढरी, तांबूस डोक्याची, अर्ध्या कड्यासारखी वाकलेली ती अळी उसाच्या बेटाखाली सापडली म्हणजे त्या बेटाचे काय होणार हे त्याला कळते. तथापि तिची आई पुष्कळांनी ओळखून पाहिलेली नसते. माळरानावरील हुमणीचा भुंगेरा तांबूस-तपकिरी, बोटाच्या पेराएवढा असतो. शास्त्रात त्यास होलोट्रिकिया सेराटा म्हणतात. वर्षातून त्याची एकच पिढी होते. तो जमिनीत निजलेला असतो. वळवाचा पहिला चांगला पाऊस झाला, की त्या संध्याकाळपासून दिवस मावळताच जमिनीतून बाहेर पडून कडुलिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर गोळा होतो, पाला खातो, जोडी जमवितो, व उजाडण्यापूर्वी पुन्हा मातीत शिरतो. पुढे एकेक मादी मातीत ५० ते ६० अंडी घालते. दहा-पंधरा दिवसांत अळ्या निघतात व त्या पाच ते सात महिने जमिनीत राहून मुळे खातात. एकदा त्या मुळाशी पोहोचल्या म्हणजे औषध पाजणे, माती उकरणे हे सर्व सोपस्कार खर्चाचे व अर्धवट गुणाचे ठरतात. भुंगेरा झाडावर असतो तेवढ्याच संध्याकाळी तो स्वस्तात हाती लागतो. झाडाखाली कापड अंथरावे, साडेसात ते नऊच्या दरम्यान फांद्या हलवाव्या, पडलेले भुंगेरे गोळा करून रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकावे, अशी जुनी रीत आहे. आता रॉकेल मिळणे दुरापास्त झाले आहे. साबणाच्या दाट पाण्यानेही काम भागते. मात्र एका शेतकऱ्याने हे करून भागत नाही. भुंगेऱ्यास बांध ठाऊक नसतो.

छायाचित्राचा उपयोग येथे होतो. गेल्या उन्हाळ्यात वळवाचा पहिला पाऊस पडला त्या संध्याकाळी आम्ही बांधावरच्या कडुलिंबाखाली उभे राहिलो, आणि पाला खाणाऱ्या भुंगेऱ्यांची चित्रे घेऊन, त्यांवर तारीख व वेळ घालून, रात्रीच गावातील पंचवीस-तीस शेतकऱ्यांस पाठविली. नुसते तोंडी सांगितले असते तर "दोन दिवसांनी बघू" हे उत्तर ठरलेले होते. चित्र पाहून दुसऱ्या दिवशी माळाकडचे बहुतेक लोक मुलाबाळांसह झाडाखाली आले व घमेल्यांनी भुंगेरे गोळा झाले. आम्हांस धन्यता वाटली. ती चार दिवस टिकली.

पाचव्या दिवशी नदीकाठचे मळेकरी आमच्या दारात आले. त्यांनीही आमच्या सांगण्यावरून रोज संध्याकाळी कडुलिंब व बाभळी झोडपल्या होत्या, आणि त्यांच्या हाती मूठभरही भुंगेरे लागले नव्हते. हुमणीने मात्र मागील साली सर्वांत अधिक ऊस त्यांचाच खाल्ला होता. तुमचे चित्र खोटे, असे ते स्पष्ट बोलले, आणि आमच्याजवळ उत्तर नव्हते. पुढे जूनमध्ये पाऊस लागल्यावर त्यांच्यातीलच एका तरुणाने दिवस मावळल्यावर अर्धाएक तास उसावरून खालून खालून उडणाऱ्या भुंगेऱ्याचे चित्र आणून दाखविले. ते आमच्या चित्राशेजारी ठेविले तेव्हा उलगडा झाला. हा भुंगेरा निराळा होता. अंगाने मोठा, आणि भिंगातून पाहिले तर पाठीवर बारीक फिकट खवले. नदीकाठच्या हुमणीचे शास्त्रीय नाव ल्युकोफोलिस लेपिडोफोरा; त्यातील दुसऱ्या पदाचा अर्थच खवले धारण करणारी असा आहे. पंचगंगा, वारणा, कृष्णा यांच्या काठच्या काळ्या रानात हिचा उपद्रव विशेष. हिचे भुंगेरे माळावरच्यांप्रमाणे कडुलिंब-बाभळीवर पाला खाण्यास जमत नाहीत. पावसाळ्याच्या तोंडाशी तिन्हीसांजेला थोडा वेळ उडून पुन्हा मातीत जातात. म्हणून तेथे झाडे झोडपून काही साधत नाही. त्या थोड्या वेळात उडणारे भुंगेरे टिपणे, ऊस गेल्यावर रान खोल नांगरून अळ्या बगळ्या-साळुंक्यांस मोकळ्या करून देणे, आणि मेटारायझियम ही हिरवी बुरशी मातीत मिसळणे, हेच उपाय तेथे करावे लागतात. नाव एक, हुमणी. पण आमचा एक गाव दोन शत्रूंशी लढत होता, आणि आम्ही दोघांवर एकच हत्यार चालवा असे सांगितले होते. त्या मळेकऱ्यांची आम्ही माफी मागितली, ती या पानावर पुन्हा मागतो.

अळीवरूनही जात ओळखता येते. अळीच्या शेवटच्या वलयाच्या खालच्या अंगास बारीक केसांची एक ठरावीक मांडणी असते, व ती निरनिराळ्या जातींत निरनिराळी असते. तज्ज्ञ लोक तीच पाहतात. अळी पाण्याने धुऊन, उताणी धरून, भिंगातून त्या भागाचे चित्र घेतल्यास ते जाणकारास पुरते. उकिरड्यातील प्रत्येक जाड पांढरी अळी उसाची हुमणी नसते, हेही यामुळे कळते. तिच्यात गेंड्या भुंग्याच्या अळ्याही असतात, आणि शेण-काडी कुजविणाऱ्या निरुपद्रवी अळ्याही असतात. अंगावर हिरवी भुकटी चढून मेलेली अळी सापडली तर ती फेकू नये. ती मेटारायझियमने मेलेली असते. ती तशीच मातीत पुरावी.

ओळखीसाठी चित्र कोणास दाखवावे असे वाचक विचारतील. प्रथम आपल्या भागातील कृषी सहायकास दाखवावे. महाराष्ट्रात २००९ पासून क्रॉपसॅप या नावाने पिकांवरील किडींची पाहणी चालू आहे, व केंद्र सरकारने १५ ऑगस्ट २०२४ रोजी राष्ट्रीय कीड निरीक्षण प्रणाली सुरू केली. तीत फोनवरून चित्र घातल्यास यंत्र किडीचे नाव सुचविते. फुलपाखरांसाठी 'बटरफ्लाइज ऑफ इंडिया', आणि सर्वच जिवांसाठी 'आयनॅचरलिस्ट' ही ठिकाणे इंटरनेटवर आहेत. तेथे जगभरचे जाणते लोक विनामोबदला नावे सांगतात. यंत्राने दिलेल्या नावावर मात्र लगेच औषध आणावयास धावू नये. आम्ही एकाच भुंगेऱ्याची पाठीवरून व बाजूने घेतलेली दोन चित्रे एका यंत्रास दिली, तर त्याने दोन नावे दिली. ती दोन्ही चुकीची होती.

काजव्यांविषयी दोन शब्द लिहिले नाहीत तर राधानगरीकडील वाचक रागावतील. वैशाखाच्या अखेरीपासून पावसाचा जोर होईपर्यंत राधानगरी-दाजीपूरच्या रानात झाडेच्या झाडे काजव्यांनी लुकलुकतात, व ती पाहण्यास हल्ली दूरदूरचे लोक येतात. वर्तमानपत्रांत जी हजारो दिव्यांची छायाचित्रे येतात ती बहुधा अनेक चित्रे एकावर एक रचून केलेली असतात; डोळ्यांस एका क्षणी तेवढे दिवे कधीच दिसत नाहीत. आम्हांस हा प्रकार आवडत नाही, पण तो ज्याचा त्याचा प्रश्न. फोन तिकाटण्यावर ठेवून, झडप काही सेकंद उघडी राहील अशी योजना करून एकच चित्र घ्यावे. विजेरी लावू नये, चमकदिवा तर मुळीच नको. काजव्याचा प्रकाश हा नर-मादीचा संवाद आहे, आणि आपल्या उजेडात तो त्यांस ऐकू, म्हणजे दिसू, येत नाही. पायवाट सोडून गवतात शिरू नये, कारण कित्येक जातींच्या माद्यांस पंख नसतात व त्या गवतातच बसलेल्या असतात. काजव्याच्या अळ्या गोगलगायी खातात. भाजीपाल्यावर गोगलगायींनी ज्यांस रडविले आहे त्यांस हे सांगण्यासारखे आहे.

मृग लागला की आमचा हंगाम संपतो. गेल्या साली मृगाच्या पहिल्या सरीनंतर नांगरलेल्या रानात मखमलीसारखे तांबडे मृगकिडे निघाले, तेव्हा घरची नातवंडे घेऊन आम्ही चित्रे काढण्यास गेलो. कीटकास पाय सहा, हे त्या मुलांस उन्हाळाभर पढविले होते. धाकटीने फोनवरचे चित्र मोठे करून पाय मोजले, पुन्हा मोजले, आणि आमच्याकडे संशयाने पाहिले. पाय आठ होते. मृगकिडा हा कीटक नव्हेच. तो कोळी-गोचिडांच्या वर्गातला. वहीत त्याची नोंद तिनेच शेवटच्या पानावर वेगळी केली, तारीख घातली, आणि खाली 'आठ' असे लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. तोवर दुसरी सर आली, म्हणून भिंग डबीत घालून आम्ही घराकडे निघालो.